कागदावरच्या फुलापासून पडद्याच्या ताग्यापर्यंत

टेक्स्टाइल डिझाइन शिकायला लागलं की फुलांच्या नक्षीचं काम लवकरच समोर येतं, आणि बहुतेकांना ते सोपं वाटतं. एक देखणं फूल काढायचं, स्कॅन करायचं, चौकोनात बसवायचं आणि तो चौकोन शेजारी शेजारी ठेवत जायचं. स्क्रीनवर छान दिसतं. तीच नक्षी पडद्याएवढी मोठी केली की फूल हरवतं आणि नजरेत भरतात त्या तिरक्या रांगा, मधले रिकामे पट्टे आणि ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा डोकावणारं तेच ते गडद पान. घरातलं कापड कुणी चौकोनात बघत नाही. ते ताग्यात बघितलं जातं: खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, चुण्यांमध्ये दुमडलेलं, उशीवर कापलेलं, आणि वर्षानुवर्षं रोज. म्हणून प्रत्येक टप्प्यावर चौकोन बाजूला सारून तागा डोळ्यांसमोर आणायची सवय लावून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी वस्तू, मग फूल

‘घरासाठी फुलांची नक्षी’ एवढ्यावर काम सुरू करू नका. कापडाचं काय होणार, हे आधी वहीत लिहा. पडदा, सोफ्याचं कापड, उशीचा अभ्रा, चादर, भिंतीचा कागद यांपैकी प्रत्येकाची मागणी वेगळी असते.

पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या साधारण दोन ते अडीच पट कापड लागतं, म्हणजे बराचसा भाग चुण्यांत वळलेला असतो. तिथे मोठं दिमाखदार फूल काढलं तर लोकांना त्याची एक बाजूच दिसते. उलट वर चढत जाणाऱ्या वेली चुण्यांतही टिकून राहतात, कारण नजर उभ्या दिशेने त्यांच्या मागोमाग जाते. सोफ्याचं कापड ताणून बसवतात. ते सपाट दिसतं, म्हणून तिथे मोठं फूल खुलतं. मात्र ते बैठकीच्या मधोमध यावं अशी अपेक्षा असते. नाहीतर अर्धवट कापलेलं फूल पाठीशी घेऊन पाहुणे बसणार. चादर पलंगाच्या तिन्ही बाजूंनी बघितली जाते, त्यामुळे सगळी फुलं एकाच दिशेला माना वर करून उभी असतील तर एका बाजूने ती उलटी दिसतात. तिथे फुलं सगळीकडे विखुरलेली, वेगवेगळ्या कोनांत वळलेली बरी.

खोलीबद्दलही दोन ओळी लिहा: उजेड किती, कापडाकडे बघणारा माणूस किती लांब बसणार, नक्षीने खोलीचा ताबा घ्यायचा की मागे राहायचं. हा कागद शेवटपर्यंत टेबलावर ठेवा. अर्ध्या वाटेवर ‘हे फूल मोठं हवं का?’ असा प्रश्न पडेल तेव्हा उत्तर तिथेच सापडतं.

फुलाशी नीट ओळख करून घ्या

ही पायरी उरकून टाकण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. इंटरनेटवरच्या फोटोंवरून काढू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे फोटोग्राफरने तुमच्या आधीच निवड केलेली असते: कोन त्याचा, प्रकाश त्याचा, आणि देठ बहुतेक वेळा चौकटीबाहेर. खरं फूल हातात घ्या.

उदाहरणादाखल जास्वंद घेऊ. पाच पाकळ्या असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जवळून बघितलं की प्रत्येक पाकळीची एक कड एका शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली गेलेली दिसते. त्यामुळे अख्खं फूल भिरभिऱ्यासारखं एका दिशेला फिरल्याचा भास होतो. पाकळी तळाशी अरुंद असते, आणि शिरा तिथून निघून कडेपर्यंत पसरत जातात. मधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर बारीक पुंकेसरांची गर्दी, आणि त्याच्याही पुढे अगदी टोकाला पाच ठिपके. फूल उलटं केलं की हिरवा निदलपुंज, आणि त्याच्या खाली आणखी बारीक हिरव्या पात्यांचं एक वर्तुळ. एवढं बघितल्यावर तुम्ही जी जास्वंद काढाल, ती पाच लाल पाकळ्या एका ठिपक्याभोवती मांडणाऱ्याच्या जास्वंदीपेक्षा वेगळीच असणार, मग ती कितीही सोपी करून काढलेली असो.

समोरून, बाजूने, मागून, अर्धवट उमललेलं, कळीत असताना, कोमेजताना, अशी एकाच फुलाची बरीच रेखाटनं करा. नवशिक्यांच्या नक्षीत सगळी फुलं समोर तोंड करून असतात. गटाचा फोटो काढताना सगळ्यांनी कॅमेऱ्यात बघावं तशी ती ताठ दिसतात. बाजूने आणि पाठीमागून दिसणारी फुलं आली की नक्षीत हालचाल येते आणि जागा भरायलाही सोय होते.

पानं देठावर जोडीने येतात की एकाआड एक, फांदी कुठून फुटते, कळीचा देठ फुलाच्या देठापेक्षा बारीक आहे का, हेही टिपून ठेवा. देठाकडे दुर्लक्ष करू नका. फूल नजरेला थांबवतं आणि देठ तिला पुढे नेतो. ताग्यावर नजर कशी फिरणार हे देठच ठरवतो. चांगली वेलबुट्टी बघताना आधी फक्त देठांच्या रेषा मागे-पुढे शोधून बघा, अर्धी रचना तिथेच उलगडते.

साधनं बदलत राहा. पेन्सिलने काढलं की माणूस बारकाव्यात रमतो. शाईत बुडवलेल्या जाड ब्रशने एका फटक्यात पाकळी काढावी लागते, आणि तेव्हा आकार पकडायची सवय होते. रंगीत कागद थेट कात्रीने कापूनही फुलं करून बघा. एकच फूल रेषेत, सपाट रंगात आणि छटा देऊन, अशा तीन तऱ्हांनी काढलं की कुठली तऱ्हा तुमच्या वस्तूला शोभते ते लगेच कळतं.

जुन्या नक्ष्यांचा सांगाडा शोधा

नक्कल करायची नाही, पण चांगल्या नक्षीवर ट्रेसिंग कागद ठेवून रिपीट, म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा मूळ चौकोन, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे शोधून काढण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. इंग्लिश डिझायनर विल्यम मॉरिसची १८८३ मधली ‘स्ट्रॉबेरी थीफ’ घ्या. डावी-उजवी बाजू एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब आहे, हे पक्ष्यांच्या जोड्यांवरून चटकन कळतं. पण थर मोजायला गेलात तर मागे बारीक पानांची जाळी, मध्ये फुलं आणि मोठी पानं, पुढे पक्षी. मोकळी अशी जागा जवळपास नाहीच, तरी गुदमरल्यासारखं होत नाही, कारण थरांमध्ये गडद-फिक्याचा फरक आहे.

त्याच्या अगदी उलट टोकाला फिनलंडच्या माइया इसोलाची ‘उनिक्को’, १९६४ ची. मारिमेक्को या फिनिश कापड कंपनीच्या संस्थापिका आर्मी रातिया यांना फुलांच्या नक्ष्या नको होत्या, तरी इसोलाने खसखशीची फुलं काढली: प्रचंड मोठी, सपाट, छटा नसलेली. तिथे फुलांइतकीच त्यांच्यामधली जागा बोलते.

तिसरा नमुना भारतातून युरोपात गेलेल्या चिंट्झचा, म्हणजे फुलांच्या रंगीत नक्षीच्या सुती कापडाचा. त्या कापडांनी तिथे एवढी धूम केली की स्थानिक विणकर आणि रेशीम उद्योग वाचवण्यासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. चिंट्झमध्ये एकाच खोडावर चार जातींची फुलं बिनधास्त फुललेली दिसतात. वनस्पतिशास्त्राला हे मान्य नसलं तरी डोळ्यांना पूर्ण मान्य असतं, कारण प्रत्येक फांदीचं वळण खरं आहे. आधी फूल ओळखा, मग त्याचे नियम खुशाल मोडा.

रिपीट बांधणं

खरी कसोटी इथे आहे. सरळ रिपीटमध्ये चौकोन शेजारी आणि खाली जसाच्या तसा येतो. हाफ-ड्रॉपमध्ये शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकतो. ब्रिकमध्ये खालची रांग अर्ध्या रुंदीने बाजूला सरकते. घरसजावटीच्या फुलांना हाफ-ड्रॉप फार मानवतो: एकच मोठं फूल असलं तरी ते तिरक्या दिशेने पसरत जातं आणि रिपीट प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. आरशासारखा रिपीट भारदस्त आणि औपचारिक दिसतो. सुरुवात हाफ-ड्रॉपनेच करा, असा माझा सल्ला.

कॉम्प्युटरकडे वळण्याआधी एकदा तरी हे कागदावर करा. चौकोनी कागद घ्या आणि मधल्या भागात मुख्य फुलं, पानं, देठ काढा. कडांना काहीही टेकू देऊ नका. कागद उभा मधोमध कापा आणि दोन्ही अर्ध्यांच्या जागा बदला. आता आधीच्या बाहेरच्या कडा मध्ये आल्या, आणि तिथे मोठी मोकळी जागा दिसते. मागून चिकटपट्टी लावून त्या जागेत फुलं आणि देठ भरा, जोडावरून मोकळेपणाने आरपार जाऊ द्या. मग कागद आडवा मधोमध कापून वर-खाली अदलाबदल करा आणि उरलेली जागा भरा. एवढं केलं की सरळ रिपीट तयार. हाफ-ड्रॉपसाठी उभी अदलाबदल करताना एक अर्धा भाग उंचीच्या निम्म्याने खाली सरकवायचा आणि खाली बाहेर आलेला तुकडा कापून वर लावायचा. हाताने हे केलं की सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते कायमचं डोक्यात बसतं.

जागा भरताना एक मोह आवरायचा असतो: भोकं बुजवण्यासाठी सुटी पानं टाकत जायचं. अशी पानं कशालाच जोडलेली नसतात आणि ताग्यावर भरतीचा माल म्हणून उठून दिसतात. जागा रिकामी वाटली तर आधी जवळचा देठ लांबवता येतो का, फूल जरा फिरवता येतं का ते बघा. फुलांमधल्या मोकळ्या जागेचे आकारही फुलांइतक्याच काळजीने घडवायचे असतात. रेखाटनाला ट्रेसिंग कागद लावून फक्त मोकळ्या जागा काळ्या करा. कुठे लांबट नदी वाहते आणि कुठे डबकं साचलंय ते क्षणात समजतं.

मग तपासणी. एका चौकोनावरून काहीच ठरवू नका. तीन आडवे, तीन उभे अशा नऊ प्रती जोडा, भिंतीला लावा, तीनेक मीटर मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा. समजा, गडद पानांची एक तिरकी रांग डोळ्यांत खुपतेय. ती सगळी पानं हलवायची गरज नसते. त्यांतलं एक पान थोडं फिकं करा, दुसऱ्याची दिशा उलटी करा, आणि रांगेच्या बाजूला तेवढंच गडद आणखी एक पान ठेवा. नजर विभागली जाते आणि रांग विरून जाते. कागद उलटा टांगूनही बघा. फूल म्हणून ओळखणं थांबलं की डाग तेवढे उरतात, आणि दोष डागांतच लपलेले असतात.

मापांचा हिशोब

इथे कंटाळा केला तर पुढे कारखान्यात अडकायला होतं. रोटरी स्क्रीन छपाईत निकेलच्या जाळीदार दंडगोलातून (हाच स्क्रीन) रंग कापडावर उतरतो, आणि त्याचा घेर रिपीटची उंची ठरवतो. सर्वाधिक वापरला जाणारा घेर ६४ सेंमी, म्हणून उभा रिपीट ६४, ३२ किंवा १६ सेंमी असा त्यात पूर्ण बसणारा ठेवतात. डिजिटल छपाईला हे बंधन नाही, पण पुढे तीच नक्षी स्क्रीन छपाईला जायची शक्यता असेल तर आधीपासून ६४ धरून चाललेलं बरं.

रुंदीत कापडाचा पन्हा बघायचा. सोफा-पडद्यांच्या कापडाचा पन्हा साधारण १३७ ते १४० सेंमी असतो. १३७ धरला तर आडवा रिपीट १३७, ६८.५ किंवा ३४.२५ सेंमी असा पूर्ण भाग जाईल इतका ठेवा, म्हणजे दोन पन्हे जोडताना नक्षी जुळते. हाफ-ड्रॉपमध्ये एक खुबी आहे: पन्ह्यात स्तंभांची संख्या सम असेल तर शेजारचा पन्हा सरळ जुळतो. विषम असेल तर तो अर्ध्या रिपीटने खाली सरकवावा लागतो आणि कापड वाया जातं.

वाया जाण्याचा हिशोब एकदा स्वतः करून बघा. पडद्याची तयार लांबी २५० सेंमी, दुमड आणि वरच्या पट्टीसाठी २० सेंमी, म्हणजे कापायला २७० सेंमी हवेत. ६४ सेंमीचा रिपीट असेल तर प्रत्येक पट्टा जुळण्यासाठी पाच रिपीट, म्हणजे ३२० सेंमी घ्यावे लागतात. पट्ट्यामागे ५० सेंमी फुकट. तोच रिपीट ३२ सेंमीचा असेल तर नऊ रिपीट, २८८ सेंमी, आणि वाया फक्त १८. सहा पट्ट्यांच्या खिडकीला एकीकडे तीन मीटर, दुसरीकडे मीटरभर. मोठा रिपीट करूच नये असं नाही, पण तो करताना गिऱ्हाइकाचं किती कापड जाणार हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

प्रमाण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कळत नाही, ते प्रत्यक्ष आकारातच कळतं. खऱ्या मापात छापून कागद जोडा. जाड पुठ्ठ्यात ४५ × ४५ सेंमीची खिडकी कापा आणि ती नक्षीवरून फिरवा: उशीवर कुठे काय येईल ते दिसेल. जिथे ठेवाल तिथे चौकट पूर्ण वाटली तर नक्षी उशीला चालणार. तोच कागद चुण्या घालून अर्ध्या रुंदीत आणा आणि पडद्याचीही परीक्षा घ्या.

रंग

स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो, म्हणून रंग मोजून वापरायची शिस्त विद्यार्थीदशेतच लावून घ्या. सहा रंगांत काम करून बघा: पार्श्वभूमी, पानांचा फिका आणि गडद, पाकळ्यांचा फिका, मधला आणि गडद. पाकळ्यांतला गडद रंग देठालाही वापरता येतो. पारदर्शक रंग एकावर एक छापले तर सातवा रंग आयताच मिळतो.

रंग निवडण्याआधी गडद-फिक्याची उतरंड ठरवा. नक्षी कृष्णधवल करून बघा. फूल आणि पार्श्वभूमी एकाच करड्यात मिसळली तर लाल-हिरवा कितीही भडक असो, लांबून सगळा गोळाच दिसणार. एकाच नक्षीच्या तीन-चार रंगसंगती करताना ही उतरंड कायम ठेवली की प्रत्येक संगती सहज बसते. गडद पार्श्वभूमीची एखादी संगती जरूर करा, कारण तिच्यावर फुलं पुढे आल्यासारखी दिसतात आणि मोकळ्या जागांचे दोष झाकता येत नाहीत. नमुना दिवसा खिडकीपाशी आणि रात्री दिव्याखाली, दोन्ही वेळा बघा. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फारकत घेतात, आणि घरातलं कापड दोन्हींत वावरतं.

कॉम्प्युटरवर

रेखाटन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. कामाची फाइल खऱ्या मापात ठेवा; रंगवलेल्या नक्षीला ३०० डीपीआय भरपूर होतात. ६४ सेंमीचे ३०० डीपीआयला ७५५९ पिक्सेल होतात. हा आकडा विषम आहे, त्याचे दोन समान भाग होत नाहीत, आणि हाफ-ड्रॉपमध्ये त्या अर्ध्या पिक्सेलची केसाएवढी रेघ ताग्यावर उमटू शकते. ७५६० धरा आणि निश्चिंत व्हा. फोटोशॉपमध्ये ऑफसेट फिल्टर कागद कापून अदलाबदल करण्याचंच काम करतो. इलस्ट्रेटरच्या पॅटर्न टूलमध्ये हाफ-ड्रॉपसाठी ‘ब्रिक बाय कॉलम’ निवडायचं. पैसे न मोजता काम करायचं तर क्रिता घ्या. त्यात डब्ल्यू दाबलं की कॅनव्हास चहूकडे पसरतो आणि रंगवतानाच रिपीट दिसत राहतो. सॉफ्टवेअरची निवड हा फार मोठा प्रश्न नाही.

सोबतीच्या नक्ष्या

मुख्य नक्षी सहसा एकटी विकली जात नाही. तिच्याच रेखाटनातून दोन-तीन सोबती काढा: फक्त कळ्यांची बारीक बुट्टी, देठांच्या वळणांवरून बेतलेले पट्टे, आणि लांबून जवळजवळ एकरंगी दिसणारा पानांचा पोत. आकारात ठळक फरक ठेवा. सगळ्या मध्यम मापाच्या झाल्या की एकाच खोलीत त्या एकमेकींशी भांडतात.

कापड आणि छपाई

सुती आणि लिननवर रिअॅक्टिव्ह रंग, पॉलिएस्टरवर डिस्पर्स, रेशीम आणि लोकरीवर अॅसिड रंग चालतात. पिगमेंट जवळपास कशावरही बसतो, पण हाताला कापड थोडं कडक लागतं. मखमलीवर बारीक रेषा लवेत हरवतात. विरळ जाळीदार कापडावर फिके रंग उजेडात विरून जातात. जकार्डमध्ये फूल छापत नाहीत, विणतात. तिथे छटा धाग्यांच्या गुंफणीतून मिळवाव्या लागतात, त्यामुळे नाजूक जलरंगी पाकळीपेक्षा स्पष्ट कडा असलेला आकार सुखाने विणला जातो. सोफ्यासाठी कापडाची घासणी सहन करायची ताकद मार्टिनडेल चाचणीत मोजतात. पडद्याला उन्हात रंग किती टिकतो ते महत्त्वाचं. ब्लू वूल मापावर १ म्हणजे सर्वांत कच्चा, ८ म्हणजे सर्वांत पक्का.

मीटरभर तरी नमुना खऱ्या कापडावर छापून घ्या, धुवा, इस्त्री करा, टांगा. रंग कागदावरच्यापेक्षा जवळपास नेहमीच बदलतात, तेव्हा फाइलमध्ये सुधारणा करायला वेळ राखून ठेवा. फाइल देताना नावातच रिपीटची रुंदी-उंची, रिपीटचा प्रकार आणि रंगांची संख्या लिहा, आणि सोबतच्या कागदावर नक्षीची वरची बाजू बाणाने दाखवा. विखुरलेल्या फुलांची नक्षी छापणाऱ्याला उलटी-सुलटी ओळखू येत नाही. आणि छापखान्याने हाफ-ड्रॉपचा चौकोन सरळ रिपीट समजून छापू नये म्हणून दोन स्तंभ जोडून दुप्पट रुंदीचा सरळ चौकोनही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.